असू दे, लागलं तर

लेहला जाणाऱ्याची बॅग भरताना मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "असू दे, लागलं तर." थर्मलचे दोन जोड, कानटोपी, आणखी एक कानटोपी, ओआरएसची पाकिटं, चिवडा, खाकरे, मेतकुटाची पुडी, आणि रुमालात बांधलेला भीमसेनी कापूर. कापराशिवाय लडाखला गेलेला मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. (कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवेतला ऑक्सिजन त्याने काडीचाही वाढत नाही.) मग बॅगेची चेन लागत नाही, कुणीतरी तिच्यावर बसतं, वजनकाटा पंधरा किलोच्या पुढे जातो आणि काढाकाढी सुरू होते.

काय न्यायचं याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. मला पडणारा प्रश्न जरा वेगळा आहे. आपण जे बरोबर नेत नाही, ते शेवटी कोण वाहतं?

हलकी बॅग हा आजकाल सद्गुण मानला जातो. पाठीवर एक सॅक, त्यात तीन टी-शर्ट, आणि जगभर भटकंती. फोटोत छान दिसतं. पण रात्री पँगाँगच्या काठावर वारा सुटला की हाच भटक्या ड्रायव्हरचं जॅकेट मागतो, सोबतच्याच्या सनस्क्रीनमधलं अर्धं संपवतो आणि डोकेदुखीची गोळी शेजारच्या तंबूतल्या काकूंकडून आणतो. त्याची बॅग हलकी आहे, कारण काकूंची जड आहे. साधेपणा आणि फुकटेपणा यांच्यातली रेघ बारीक असते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाच दिसते.

लेहमध्ये ही रेघ जास्त ठळक होते. शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे. वर्षभरात तिथे साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैतल्या एका जोरकस दिवसात तेवढा पडून जातो. हवेत ऑक्सिजन आपल्याइतकाच, म्हणजे २१ टक्के असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासात एक-तृतीयांश माल कमी. वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म फुगतं. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. उन्हात गाल भाजतात आणि सावलीत सरकलं की स्वेटर लागतो. अशा ठिकाणी तुमच्याकडे नसलेली वस्तू सहज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल असं धरून चालता येत नाही. ती तिथे असली, तरी तीही कुणीतरी खिंडी ओलांडून ट्रकने आणलेली असते.

पण खरी अडचण बॅगेत न मावणाऱ्या गोष्टीची आहे. ती म्हणजे दोन दिवस.

मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून लेह. सकाळी समुद्राकाठी असलेलं शरीर काही तासांत साडेतीन हजार मीटरवर पोचतं. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. विमान हा हिशोब विचारत नाही. म्हणून पोचल्यावर निदान पहिले दोन दिवस काही करायचं नसतं. चढायचं नाही, धावायचं नाही, दारू नाही. डायमॉक्सची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची असते, आणि ती घेतली म्हणून दोन दिवसांतून सूट मिळत नाही. जिमला जाणाऱ्यांनाही मिळत नाही. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे दंड बघून कळत नसतं.

आणि आपल्याकडे असतात पाच रात्री, सहा दिवस. त्यातले दोन झोपून काढायचे? मग दुसऱ्याच दिवशी सकाळी खारदुंग ला. लेहपासून चाळीस किलोमीटरवर, ५,३०० मीटरपेक्षा उंच. वर एक फोटो, एक चहा, परत गाडीत.

इथे मला दोन इंग्रजी भाषक तत्त्वज्ञ आठवतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 'नैतिक नशीब' या कल्पनेवर एकापाठोपाठ एक निबंध लिहिले. नेगल म्हणतो तो मुद्दा साधारण असा: दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची गाडी फुटपाथवर चढते. तिथे कुणी नसेल तर तो सुटला. कुणी उभं असेल तर तो मनुष्यवधाचा गुन्हेगार. त्याने स्वतः केलेलं दोन्ही वेळा तेच. फरक पडला तो त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीने. तरी आपण दोघांना सारखा दोष देत नाही.

आता दोन मित्र घ्या. दोघे दुसऱ्याच दिवशी खारदुंग लाला गेले. एकाला जरा मळमळलं, संध्याकाळी तो पिझ्झा खात होता. दुसऱ्याच्या फुप्फुसांत पाणी झालं, रात्री श्वास घेता येईना, आणि ड्रायव्हर अंधारातून त्याला घेऊन हॉस्पिटलकडे निघाला. पहिला घरी येऊन सगळ्यांना सांगतो, "काही होत नाही रे, उगाच घाबरवतात." दुसऱ्याला सगळे बेजबाबदार म्हणतात. माझ्या मते पहिला तितकाच बेजबाबदार आहे, किंबहुना थोडा जास्तच, कारण त्याचं नशीब तो आता सल्ला म्हणून वाटतोय. त्याच्या शब्दावर पुढच्या महिन्यात कुणाचे तरी आईवडील विमानात बसणार आहेत.

"माझा जीव, माझी मर्जी" हे उत्तर इथे येणारच, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. गिर्यारोहक धोका पत्करतात आणि आपण त्यांना मानतो. पण गिर्यारोहक आपल्या धोक्याचा अभ्यास करून, स्वतःची दोरी घेऊन जातो. इथे दोरी दुसऱ्याची असते. रात्री उठणारा ड्रायव्हर, गावातल्या लोकांसाठी असलेला पलंग, परतीच्या विमानातली कुणाची तरी सीट. त्यात लेहचा भूगोल असा की त्रास झाला तर खाली उतरा, हा पहिला उपायही सरळ नाही. मनालीच्या वाटेवर पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी आहेत आणि श्रीनगरच्या वाटेवर चार हजारांच्या वरचा फोतू ला. मैदानात उतरायला आधी चढावं लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत अवघड वाटते ती अगदी साधी गोष्ट: डोकं दुखतंय हे सांगणं. ग्रुपमध्ये बारा जण आहेत, गाडी ठरलीय, पँगाँगचे तंबू बुक आहेत, आणि तुमचं डोकं कालपासून ठणकतंय. बोललात तर सगळ्यांचा दिवस जातो. न बोलणं हे तेव्हा मोठेपणाचं वाटतं, "माझ्यामुळे कुणाचा विरस नको." पण पँगाँग लेहहूनही सातशे-आठशे मीटर उंच आहे, आणि वाटेत चांग ला त्याच्याही कितीतरी वर. तुमचं मौन बाकीच्या अकरा जणांना न सांगता त्यांच्या सामानात टाकलेलं वजन आहे. घरात सगळ्यांचं करणाऱ्या बायका हे मौन जास्त पाळतात, हे कोणत्याही ग्रुप टूरमध्ये नीट पाहिलं तर दिसेल. त्यामुळे विचारायची जबाबदारीही बाकीच्यांवर येते, आणि "सगळे ठीक ना?" असं गाडीतल्या गाणी चालू असताना ओरडणं म्हणजे विचारणं नव्हे.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. लडाखच्या गावांत शेताला पाणी वाटून देणारा माणूस नेमलेला असतो, त्याला चुर्पोन म्हणतात. बर्फ वितळून येणारं पाणी कुणाच्या वाफ्यात किती वेळ जाईल ते तो ठरवतो. जुन्या घरांत कोरडे संडास असतात. माती टाकायची, खत करायचं, पाण्याचा थेंब नाही. इंजिनीअर चेवांग नॉर्फेल यांनी आयुष्य घालवून कृत्रिम हिमनद्या रचल्या, सोनम वांग्चुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले, कशासाठी, तर वसंतात पेरणीला पाणी मिळावं म्हणून. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि नंतर आपण आलो, फ्लश आणि शॉवरची सवय घेऊन. ही सवय वजनकाट्यावर दिसत नाही, पण लेहच्या बोअरवेलवर दिसते. बादलीभर पाण्यात अंघोळ ही आपल्या आजी-आजोबांची रोजची गोष्ट होती. हॉटेलात पैसे भरल्याबरोबर ती गैरसोय कशी होते, हे मला खरंच कळत नाही.

मग सगळंच घरून न्यावं का? तेही नाही. सात दिवसांचे ठेपले घेऊन जाणारा, तिथे फक्त पाणी पिणारा आणि रिकामी पाकिटं ठेवून येणारा पर्यटक कुणावर अवलंबून नसतो हे खरं, पण त्याने त्या गावाला काय दिलं? जाड जॅकेट लेहच्या बाजारात भाड्याने मिळतं, ते तिथेच घ्यावं. जर्दाळू तिथले खावेत, थुक्पा तिथला प्यावा. औषधं, चष्मा, पाण्याची बाटली, ज्याच्यावाचून आपण दुसऱ्याच्या गळ्यात पडू ते मात्र घरून. कुठलं कशात बसतं यावर भांडण होऊ शकतं आणि व्हावं.

सुट्टीबद्दल मात्र फक्त प्रवाशाला बोलून चालणार नाही. वर्षातून एकदा सहा दिवस मिळणाऱ्या मुलीला "दोन दिवस नुसती पडून राहा" म्हणणं सोपं आहे. तिच्या ऑफिसने सातवा आणि आठवा दिवस दिला नाही, आणि टूरवाल्याने पत्रकात 'दिवस २: खारदुंग ला' छापलं. तिची बॅग या दोघांनीही भरलेली असते. पण लेहमध्ये डोकं दुखतं ते तिचंच, त्यामुळे एखादं ठिकाण यादीतून तिलाच खोडावं लागतं. पँगाँग खोडावं, असं मी सांगेन. तिला राग येईल, तो रास्त आहे.

ते दोन दिवस कसे जातात याचीही सोय बघायला हवी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि हॉटेलचं वायफाय मनाला येईल तेव्हा येतं. खिडकीतून पॉपलरची झाडं दिसतात, दुपारी वारा सुटतो. तेव्हा दुसरी कानटोपी काढा आणि त्या जागी एक पुस्तक टाका. जाडजूड असलं तरी असू दे.