धीर म्हणजे नुसतं बसणं का?

आम्ही विद्यानगरवाले पाण्याची वाट बघत दहादा नळ उघडून पाहतो. सकाळची प्रार्थना संध्याकाळपर्यंत फळली नाही तर देवावर रुसतो! मग धीर म्हणजे गप्प बसणं का? आपल्याच कर्नाटकात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई तशा बसल्या नाहीत. येशूवर भरवसा ठेवून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायका-मुली सांभाळल्या. त्यातच हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. कित्येक वर्षं लागली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आमच्यापैकी कुणी देवाशी भांडलंच असतं. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. अख्खं बायबल छापून हातात घ्यायचं राहिलं. भाषांतर मात्र पुरं झालं होतं.