कुंभाराचे गाढव आणि घरचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर अडकला, रीस्टार्ट केला, चालू लागला. एवढ्यावरून आपल्याला नेमके काय कळले? रीस्टार्ट हा त्या बिघाडावरचा इलाज आहे, असे बहुतेक जण म्हणतील. इलाज आहे हे खरेच, पण बिघाड कशाने झाला होता याबद्दल त्या यशाने अवाक्षरही सांगितलेले नसते. ही फट न्यायशास्त्राच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, फार पूर्वी पाहिली होती. घडा होण्याआधी माती, कुंभार, चाक, दांडा सगळे हजर असते आणि माती वाहून आणणारे गाढवही हजर असते. तरी गाढव हे घड्याचे कारण नव्हे, कारण माती बैलगाडीतून आणली तरी घडा होतोच. आधी हजर असणाऱ्या पण कार्याला न लागणाऱ्या अशा गोष्टीला न्यायशास्त्र अन्यथासिद्ध म्हणते. फळ मिळाले म्हणून आधी केलेल्या प्रत्येक कृतीला कारणाचा मान द्यायचा, ही अंधश्रद्धेची मूळ जागा आहे. तिथे देव असतोच असे नाही. स्क्रू-ड्रायव्हरही चालतो.

दुरुस्तीच्या दुकानातलाच दाखला घेऊ. यंत्र चालू करताना नुसते बीप वाजतात आणि पडदा काळा राहतो, तेव्हा रॅम काढतात, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासतात आणि परत बसवतात. पुष्कळदा काम होते, श्रेय खोडरबराला जाते. पण रॅम दाबून बसवताना त्या पट्ट्या खाचेतल्या पिनांवर घासल्या जातातच, शिवाय सैल झालेला जोडही घट्ट होतो. मग खोडरबर हे कारण की गाढव? पुढच्या वेळी न घासता नुसती काढून बसवून पाहिल्याशिवाय हे ठरत नाही. केले आणि झाले, हा अन्वय सगळ्यांना दिसतो. न करता काय होते, हा व्यतिरेक पाहायला धीर लागतो, आणि चालू झालेले यंत्र मुद्दाम पुन्हा कोण उघडणार? मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने दाणे मिळत. पक्षी काहीही करो, दाणे येणारच होते. तरी आठपैकी सहा पक्ष्यांनी आपापले विधी पक्के केले: कुणी गोल फिरे, कुणी कोपऱ्याकडे मान झटके. व्यतिरेक पाहण्याचे त्यांना काही कारणच नव्हते, कारण दाणे येतच होते. (कबुतरांच्या वर्तनाचा स्किनरने लावलेला अर्थ पुढे इतरांनी वादग्रस्त ठरवला, पण माणसाच्या बाबतीत तो मला जास्तच लागू वाटतो.)

व्यतिरेकही भोळेपणाने पाहून चालत नाही. समजा, नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या एखाद्या घरात कॉम्प्युटर नेमका मंगळवारी आपोआप बंद होऊन चालू होतो, इतर दिवशी होत नाही. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. मंगळवार अशुभ ठरवायला एवढा पुरावा पुष्कळांना पुरेल. पण त्याच दिवशी पाण्याची पाळी असेल, पाणी वर चढवायला मोटर लागत असेल आणि ती सुरू होताना क्षणभर विजेचा दाब खाली येत असेल, तर दोष वाराचा नाही. जुना, थकलेला पॉवर सप्लाय तेवढा झटका सोसत नाही, इतकेच. ही मोटर म्हणजे नैयायिकांची उपाधी, दिसणाऱ्या संबंधामागे दडलेली खरी अट. त्यांचा दाखला असा: अग्नी आहे तिथे धूर असतोच, असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले सरपण लागते, तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो.  विष्णुपुरीत तर १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही इथलेच. अशा गावात मोटरवर संशय घेणारे पुष्कळ भेटतील. तेही ‘फॉरमॅट मारून टाका’ म्हणतात, तेव्हा मात्र मंगळवाराच्याच पंगतीला बसतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो व्यवहाराचा. परीक्षेचा फॉर्म आज रात्री भरायचा आहे, कारण शोधून काय करू, यंत्र चालले म्हणजे झाले. फॉर्म जरूर भरावा. उपायाला निदान म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे, आणि ते निव्वळ पांडित्य नाही. हार्ड डिस्क मरायला लागली असेल तर फॉरमॅटनंतर काही दिवस ती गुणी बाळासारखी वागू शकते. तेवढ्यात मालक निर्धास्त होतो, फोटोंची दुसरी प्रत काढायची राहते आणि डिस्क जाते. शिवाय आपण नक्की काय केले, हेही माहीत असावे लागते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाऊन’मध्ये यंत्रणेचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये तो नव्याने उभा राहतो. एकदा बंद करून चालू केले, फरक पडला नाही, म्हणून रीस्टार्टही निरुपयोगी ठरवणारा माणूस न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सांगत असतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: काही बिघाडांना सापडण्याजोगे कारणच नसते. बेल्जियममधल्या स्खारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जादा दिली. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने स्मृतीतला एक बिट उलटवला असावा, असा संशय राहिला. पण तो संशय तरी कशावरून आला? ४,०९६ हा दोनाचा बारावा घात आहे, म्हणजे एकच बिट उलटला तर नेमका असाच फरक पडू शकतो. कारणाचा साक्षीदार नसला तरी कार्याच्या आकारात त्याची खूण उरते. ज्याला ‘यंत्राची लहर’ म्हणून हात झटकायचे असतात, त्याने तो आकडा पुन्हा पाहिलाच नसता.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. व्यतिरेकाची कसोटी लावली तर त्या पूजेचे काय उरते? मला वाटते, बरेच उरते. ज्याच्यावर पोट चालते त्याच्यापुढे हात जोडणे हे कारणाविषयीचे विधानच नाही, म्हणून व्यतिरेकाने ते खोटेही पडत नाही. (हळद कीबोर्डच्या फटीत जाऊ नये, ही सूचना धर्मशास्त्राबाहेरची.) नवसाचे तसे नाही. नवस बोललो म्हणून निकाल लागला, असे म्हणताच ते कार्यकारणाचे विधान होते, आणि तेच आयुष्य नवस न बोलता पुन्हा जगून पाहता येत नाही. यावर भाविक म्हणेल, तपासता येत नाही म्हणजे खोटे ठरत नाही. बरोबर. पण खरेही ठरत नाही, आणि पुराव्याचा भार ‘म्हणून’ म्हणणाऱ्यावर असतो. नवसाने मूल होते या समजुतीची खिल्ली तुकोबांनी उडवली. ज्याच्यावाचून कार्य घडतच नाही ते कारण समोर असताना नवसाला श्रेय कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो टाकणारा माणूस विठ्ठलाचा परमभक्त होता आणि या सवालाने त्याच्या भक्तीतले काही कमी झाले नाही, कारण ती निकालावर टेकलेलीच नव्हती.