चक्रव्यूह आणि भूलभुलैया

बेळगाव-निपाणीच्या सीमाप्रश्नाला ‘चक्रव्यूह’ म्हणायची रीत आहे, आणि त्यातून सुचवायचे असते ते हे की यातून वाट सापडत नाही. मात्र वाट हरवणे हा अर्थ या कल्पनेला पुढे चिकटला. द्रोणपर्वातला अभिमन्यू वाट चुकत नाही. आत शिरायचे त्याला ठाऊक असते, संकटात बाहेर पडायचे नसते. आणि मागून येणाऱ्या पांडवांना कौरवांकडचा जयद्रथ व्यूहाच्या तोंडाशीच अडवतो, म्हणून अभिमन्यू एकटा पडतो. बाराव्या शतकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात या सैन्यरचनेला वेटोळ्या वाटेचे रूप मिळाले. क्रीटमधल्या क्नोसॉसच्या प्राचीन नाण्यांवरही तशीच आकृती दिसते: वळणे पुष्कळ, पण वाट एकच, फाटा नाही. चालत राहणारा मध्याशी पोहोचतोच. ग्रीक कथेत क्रीटमधल्याच भूलभुलैयात शिरलेल्या थीसियसला मात्र परतीसाठी दोरा लागतो. म्हणजे चकवणाऱ्या वास्तूची कल्पनाही जुनीच. फसव्या फाट्यांची युरोपीय उद्याने आणि लखनौच्या बड्या इमामबाड्यातली भूलभुलैया ही तिची पुढची रूपे. दोन्ही कल्पना एकमेकींत इतक्या मिसळल्या, की अडवला गेलेला आणि वाट चुकलेला यांतला फरकच पुसला गेला.

सीमाप्रश्नात हा फरक महत्त्वाचा ठरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या निकषांवर महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. त्यात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला, तर बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस होती. कर्नाटकाला अहवाल मान्य, महाराष्ट्राला अमान्य. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा, आयोग, न्यायालय: टप्पे लांबले, पण क्रम स्पष्ट आहे. कोण कुठे थांबले, हेही नोंदलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, फाटा तर समोरच आहे. महाराष्ट्र घटनेच्या कलम १३१ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावतो. कर्नाटक म्हणते, कलम ३ नुसार सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचाच. आक्षेप वजनदार आहे. तरीही फसव्या फाट्यावर माणूस चुकतो तो पुढचे दिसत नसल्यामुळे. इथे दोन्ही राज्यांना दोन्ही दारे दिसतात. वाद आहे तो दाराच्या अधिकाराचा, आणि अशा वादाचा निर्णय देता येतो. सत्तर वर्षांत शाळा, शेती, सोयरीक सगळे या सीमेशी जुळवून घेत आले, त्यामुळे निर्णयाची किंमत वाढली, हे खरे. पण महाग निर्णय म्हणजे अशक्य निर्णय नव्हे. भूलभुलैयात दोष कोणाचाच नसतो, म्हणून ती उपमा राज्यकर्त्यांना सोयीची. चक्रव्यूह म्हणायचेच असेल तर ते मूळ अर्थाने म्हणावे, कारण तिथे तोंडाशी अडवणाऱ्याला नाव असते आणि त्याला जाब विचारता येतो.