खिडकीची झडप

घर बांधतांना किंवा विकत घेतांना मनुष्य ज्या गोष्टींचा पुष्कळ विचार करतो त्यांत खिडकीच्या झडपांची गणना होत नाहीं. स्वयंपाकघराचें तोंड कोणीकडे असावें, देवघर कोठें असावें, यावर घरांतील वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचें मत घेतलें जातें. झडपांचा प्रश्न मात्र सुतारावर, आणि अलीकडे दुकानदाराच्या नमुन्यांच्या वहीवर, सोपविलेला असतो. लांकूड कोणतें, रंग कोणता, पट्ट्या किती रुंद, एवढें ठरलें म्हणजे काम झालें. माझ्या समजुतीप्रमाणें घरांतील इतर कोणत्याहि लांकूडकामापेक्षां या कामांत नीतीचा अंश अधिक आहे. भिंतीविषयीं प्रश्न उद्भवत नाहीं, कारण ती कोणालाच पाहूं देत नाहीं. दाराविषयींहि फारसा नाहीं. दारांतून येणारा मनुष्य उघडपणें येतो, आणि तो आल्याचें आपल्याला कळतें. खिडकी ही एकच जागा अशी आहे कीं जेथून दृष्टि आंत येते आणि येतांना कडी वाजवीत नाहीं.

आंतल्या बाजूनें झडपा बसविण्याची रीति इंग्लंडांत अठराव्या शतकांत विशेष रूढ झाली. युरोपखंडांतील पुष्कळ देशांत खिडकीचीं तावदानें आंत उघडतात, म्हणून तेथें झडप बाहेर गेली. इंग्रजी खिडकीचीं तावदानें वरखालीं सरकतात, त्यामुळें आंतली बाजू मोकळी राहिली. भिंतीच्या जाडींत दोहों बाजूंस लांकडी पेटी करीत. दिवसां झडपेचे फळे घडी होऊन तींत असे बसत कीं पाहणाऱ्याला तें खिडकीभोंवतालचें साधें कलाकाम वाटावें. रात्रीं ते उलगडून त्यांवर लोखंडी पट्टी आडवी टाकीत. चोर, थंडी आणि रस्ता या तिघांचाहि बंदोबस्त एकाच कामांत होई. आपल्या जुन्या वाड्यांतील गजांच्या खिडकीच्या दोन फळ्याहि याच जातीच्या. या झडपेला मी प्रामाणिक झडप म्हणतों. ती उघडी असली म्हणजे दोघांनाहि दिसतें, आणि मिटली म्हणजे दोघांनाहि दिसत नाहीं. आंतल्या आणि बाहेरच्या माणसांत तिनें बरोबरीचा करार केलेला असतो.

पट्ट्यांची झडप, जिला आपल्याकडे झिलमिल म्हणत, ही या कराराला बांधलेली नाहीं. तिरप्या पट्ट्यांच्या फटीला आंतून डोळा लावला तर सारा रस्ता दिसतो. रस्त्यावरून मात्र फट बारीक आणि तिच्यामागचा अंधार दाट दिसतो. फ्रेंच भाषेंत मत्सराला जो शब्द आहे तोच या झडपेलाहि आहे, आणि स्पॅनिश व इटालियन भाषांतहि अशा जाळीचें नांव मत्सराच्याच कुळांतलें आहे. नवऱ्याच्या संशयी मनानें बायकोला रस्ता पाहण्याची परवानगी दिली, पण रस्त्याला तिला पाहण्याची दिली नाहीं, असा या नांवाचा अर्थ सामान्यतः लावतात. जेरेमी बेन्थॅमनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुरुंगाच्या योजनेंत हीच युक्ति दुसऱ्या हेतूनें वापरली. वर्तुळाकार इमारतींत कडेनें कोठड्या, मध्यभागीं देखरेख करणाऱ्याची खोली, आणि त्या खोलीच्या खिडक्यांना आडपडदे. देखरेख करणारा आंत आहे कीं नाहीं हें कैद्याला कळूं नये, म्हणजे तो सदैव आहे असें समजूनच कैदी वागेल, असा त्यांतला हिशेब. बेन्थॅम हा दुष्ट मनुष्य नव्हता. कैद्यांची सुधारणाच त्याला हवी होती. पण न दिसतां पाहणें ही केवढी सत्ता आहे हें त्यानें जितकें स्पष्ट ओळखलें तितकें क्वचितच कोणीं ओळखलें असेल.

येथें एक अडचण येते. १७९९ सालीं जयपुरास बांधलेल्या हवामहालाला ९५३ खिडक्या आहेत असें सांगतात, आणि त्यांच्या जाळ्यांमागून राजघराण्यांतील स्त्रिया रस्त्यावरील मिरवणुकी पाहत. त्यांनाहि न दिसतां पाहतां येत होतें. मग त्या बेन्थॅमच्या अधिकाऱ्याइतक्याच सत्ताधीश होत्या असें म्हणावयाचें काय? तसें कोणी म्हणणार नाहीं. जाळी एकच, परंतु अधिकाऱ्याला हवें तेव्हां दार उघडून बाहेर येतां येत होतें, आणि राण्यांना येत नव्हतें. तेव्हां झडपेच्या आकारावरून तिची नीति ठरत नाहीं. तिच्यामागें बसलेल्याला ती आपल्या हातानें मिटतां आणि उघडतां येते कीं नाहीं, हा खरा प्रश्न. ज्याला मिटतां येत नाहीं तो कैदी, आणि ज्याला उघडतां येत नाहीं तोहि कैदीच.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे: ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं त्याला झडप कशाला पाहिजे? हॉलंडमध्यें रस्त्यालगतच्या मोठाल्या खिडक्यांवर दिवेलागणीनंतरहि पडदा न ओढण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि तिचा संबंध तेथील लोकांच्या धर्मनिष्ठ सरळपणाशीं जोडण्यांत येतो. तो संबंध खरा असो वा नसो, त्या चालीला दुसरी एक बाजू आहे: जाणारायेणारा खिडकीपाशीं थांबून आंत टक लावून पाहत नाहीं. आमच्या चाळींची तऱ्हा याहून निराळी होती. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईंत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली मिळे, आणि दिवसां दार लावून बसणें म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान अशी चाळींतली सर्वसाधारण समजूत असे. त्या उघड्या दारानें लोकांना किती आधार दिला हें मी विसरत नाहीं. आजारपणांत रात्रीं हांक मारावी लागत नसे, पोर कोणाच्याहि घरीं जेवे. परंतु त्याच खोलींत नव्यानें लग्न होऊन आलेली मुलगी असे, परीक्षेला बसलेला मुलगा असे, नोकरी गेलेला आणि तें अजून कोणाला न सांगितलेला बाप असे. यांपैकीं कोणाजवळहि लपविण्यासारखें पाप नव्हतें. तरी घटकाभर कोणीं पाहूं नये अशी इच्छा प्रत्येकाला होती. लपविणें आणि मिटून घेणें या दोन क्रिया एक नव्हेत. डोळ्याला पापणी असते ती डोळ्यानें गुन्हा केला म्हणून नव्हे.

मग झडप कोणीं लावावी? ज्याच्याकडे पाहिलें जातें त्यानें, कीं जो पाहतो त्यानें? या प्रश्नाचा निकाल अलीकडे लंडनमध्यें एका मोठ्या खटल्यांत लागला, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयानें २०१६ सालीं आपल्या नव्या इमारतीच्या माथ्यावर शहर पाहण्यासाठीं चहूंबाजूंनीं फिरणारा सज्जा खुला केला. जवळच जमिनीपासून छतापर्यंत कांचेच्या भिंती असलेल्या सदनिका होत्या. दर वर्षीं लाखों लोक सज्जावर येत, आणि त्यांपैकीं पुष्कळजण शहर सोडून या घरांतच पाहत. कोणी छायाचित्रें काढी, कोणी दुर्बीण लावी, कोणी आंतल्यांना हात करी. रहिवाशांनीं दावा लावला. २०१९ सालीं पहिल्या न्यायाधीशानें तो फेटाळला. त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ असा कीं, कांचेचें घर तुम्हींच पत्करलें. आडपडदे खालीं सोडा, जाळीचे पडदे लावा. २०२० सालीं अपिलांतहि रहिवासी हरले. शेवटीं २०२३ च्या फेब्रुवारींत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तिघांविरुद्ध दोघे अशा बहुमतानें रहिवाशांच्या बाजूनें निकाल दिला. स्वतःच्या जागेचा असाधारण उपयोग करून दुसऱ्याला उपद्रव देणाऱ्यानें, तुम्हींच पडदे लावून घ्या, असें उलट उपद्रव सोसणाऱ्याला सांगूं नये, असें बहुमताचें सार.

मला बहुमत पटतें. पण अल्पमत मूर्खपणाचें होतें असें मी म्हणणार नाहीं. कांचेच्या भिंतीचें घर हौसेनें घेणाऱ्यानें थोडा पडदा हौसेनेंच लावावा, असें कोणालाहि वाटेल. समोरच्या गच्चींत कपडे वाळत घालणाऱ्या बाईची नजर माझ्या खिडकींत गेली तर झडप मीच लावावी. तिनें डोळे मिटून कपडे वाळत घालावे अशी अपेक्षा करणें हा उद्दामपणा होईल. परंतु पाहण्यासाठींच कोणी मचाण उभारलें, तेथें रोज नवे पाहणारे आणून उभे केले, आणि वर मला सुताराचा पत्ता दिला, तर तें निराळें. नजर पडणें वेगळें आणि नजर रोंखणें वेगळें. पहिलीचा भार शेजारधर्म म्हणून मीं सोसावा, दुसरीचा तिच्या धन्यानें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवच्या दंतकथेंत हा न्याय फार सुंदर रीतीनें आलेला आहे. लोकांवरचा कर उठावा म्हणून गोडायव्हा ही सरदारपत्नी विवस्त्र होऊन घोड्यावरून गांवांतून गेली, तेव्हां झडपा मिटल्या त्या गांवकऱ्यांनीं, आपापल्या घरांच्या. पाहणाऱ्यांनीं स्वतःची दृष्टि कोंडून घेतली. फटींतून डोकावलेला एकटा शिंपी आंधळा झाला, असें मागाहून कथेंत घातलेलें दिसतें. मूळ गोष्टीला त्याची जरूर नव्हती.

आमच्याकडील कायदा या बाबतींत इंग्रजी कायद्याच्या पुढें होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जुन्या इंग्रजी कायद्यांत शेजाऱ्याची नवी खिडकी माझ्या घरांत पाहूं लागली तर माझ्या जागेंत भिंत उभारून ती झांकणें, एवढाच उपाय असे. उलट १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांतील अठराव्या कलमाखालीं उदाहरणच असें दिलें आहे कीं, एखाद्या गांवच्या रूढीप्रमाणें शेजाऱ्याच्या एकान्ताचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणालाहि पाडतां येत नाहीं. १८८८ सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें ही रूढि एका प्रसिद्ध खटल्यांत मान्य केली. मात्र या अभिमानाला एक गालबोट आहे. ज्या एकान्ताचें रक्षण झालें तो घरांतील स्त्रियांच्या वावरण्याच्या भागाचा, आणि दावा लावणारा बहुधा घराचा यजमान. स्वतः त्या स्त्रीला झडप उघडी हवी आहे कीं मिटलेली, हें विचारण्याचें न्यायासनाला कारण पडलें नाहीं. २०१७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां तो हक्क घराच्या मालकाकडून व्यक्तीकडे आला. कायद्याच्या पुस्तकांत आला खरा. दिवाणखान्यांत येण्यास त्याला अजून वेळ लागेल असें दिसतें.

कारण एकान्त हा बऱ्याच अंशीं पैशाचाहि प्रश्न आहे. ज्याला चार खिडक्या आहेत तो एक मिटून तिन्हींतून उजेड घेतो. ज्याला एकच आहे त्याला वारा कीं लाज यांतून एक निवडावें लागतें. इंग्लंडांत तर १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर करच होता, आणि तो चुकविण्यासाठीं विटांनीं बुजविलेल्या खिडक्या तेथील जुन्या घरांवर आजहि दिसतात. गोमंतकांतील जुन्या कारागिरांनीं या पेंचांतून एक मार्ग काढला होता. कांच दुर्मिळ आणि महाग, म्हणून एका जातीच्या चपट्या शिंपल्या घांसून त्यांचे चौकोनी तुकडे लांकडी चौकटींत बसवीत. त्यांतून दुधासारखा मंद उजेड येतो, पण दृष्टि ना आंत जाते ना बाहेर. प्रकाश सर्वांचा आणि नजर कोणाचीच नाहीं, अशी ती खिडकी. अशा खिडक्या असलेलीं घरें तेथें अजून आहेत, आणि पणजीकडे जाणाऱ्यानें तीं समुद्रकिनाऱ्याआधीं पाहावीं अशी माझी शिफारस आहे.

आज शहरांतल्या सदनिकांना सरकत्या तावदानांच्या खिडक्या असतात, म्हणजे योगायोगानें आपण त्या इंग्रजी खिडकीच्याच परिस्थितींत आलों आहों. आंतली बाजू मोकळी आहे, आणि आंतली झडप बसवितां येते. उन्हाच्या बाबतींत ती लंगडी, हें आधींच जाणून असावें, कारण ऊन कांच ओलांडून आंत आल्यावर तिची गांठ त्याच्याशीं पडते. उष्णता थांबवावयाची तर झडप बाहेरच पाहिजे. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, म्हणून फळ्यांत थोडी फट ठेवण्यास सुताराला सांगावें. एकाच उंच फळीपेक्षां जुन्या वाड्यांतल्यासारख्या खालच्या आणि वरच्या अशा दोन जोड्या मला पसंत आहेत. खालची जोडी मिटली म्हणजे बसलेल्या माणसाला आडोसा होतो, आणि वरच्या जोडींतून वारा, उजेड आणि समोरच्या घरांतील रेडिओ हे तिन्ही येत राहतात. पट्ट्या हव्याच असतील तर फिरत्या घ्याव्या, कायमच्या तिरप्या नकोत. आणि कडी कोठें बसवावी हें सुतार विचारील तेव्हां ती यजमानाच्या खांद्याएवढी उंच बसवूं नये. खिडकीपाशीं खुर्ची टाकून दिवसभर बसणाऱ्या आजीचा हात बसल्या जागेवरून पोहोंचेल इतकी खालीं असावी.