मारणे एकट्याचे, वाहणे कोणाचे?

शिकारीवर लिहिण्याचा आम्हांला अधिकार काय, असा प्रश्न मंडळाच्या सभासदांना पडेल आणि तो रास्तच आहे. आम्ही उभ्या आयुष्यात बंदूक हाती धरली नाही. घरात मांसाहार नाही. ग्वाल्हेरला लष्करातल्या आमच्या जुन्या घरी सांबराच्या शिंगांची एक जोडी भिंतीवर होती आणि आजोबा तिचा उपयोग खुंटीसारखा करीत. शिकारीशी आमचा संबंध एवढाच. तथापि २०२२ च्या शरद ऋतूत मुलीकडे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहण्याचा योग आला. तेथे कानी पडलेल्या एका प्रश्नाने जी पाठ धरली ती अद्याप सोडलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न दिसायला साधा आहे. एल्कच्या शिकारीला एकट्याने जावे की जोडीदार बरोबर घ्यावा?

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतील थोरले हरीण. काश्मीरचा हंगूल हा त्याचा जवळचा आप्त. आपल्या सांबराहूनही तो अंगाने मोठा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोच्या पुढे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार हत्येमुळे हा प्राणी नष्ट होण्याच्या वाटेवर होता. पुढे कायदे झाले, परवाने आले, परवान्यांचा पैसा रानांच्या राखणीस लागला आणि कळप पुन्हा वाढले. आज एकट्या कोलोरॅडोत पावणेतीन लाखांच्या आसपास एल्क आहेत. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून बंदुकीचा हंगाम सुरू झाला की तिकडची साधी नोकरदार माणसेही डोंगर चढू लागतात. वर्षभराचे मांस घरात यावे हा त्यांतल्या पुष्कळांचा हेतू असतो.

मुलीच्या शेजारी सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक राहत. कुंपणापाशी उभे राहून आमच्या गप्पा होत. त्यांनी तरुणपणी वीसएक वर्षे एकट्याने शिकार केली होती आणि पुढची वीस वर्षे एका मित्राबरोबर. हा बदल का झाला, असे आम्ही सहज विचारले. उत्तर मिळायला आठवडा लागला.

प्रथम एकट्याची बाजू त्यांनीच मांडली आणि ती तोलामोलाची होती. एल्कचे नाक अतितीक्ष्ण. दोन माणसांचा वास एकापेक्षा लवकर पसरतो. दोघांच्या पावलांचा आवाज होतो, कुजबूज होते. एकट्याला मात्र रान आपले मानते. शिवाय एकटा माणूस कोणाला दाखविण्यासाठी काही करीत नाही. अमेरिकेतील वनविद्येचे आचार्य आल्डो लिओपोल्ड यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड कौंटी अल्मनॅक’ या ग्रंथात याच मुद्द्याचा विचार आहे. शिकाऱ्याच्या वर्तनाला वाहवा देणारा किंवा नावे ठेवणारा प्रेक्षक जवळ नसतो, त्याचा न्याय त्याच्याच विवेकाने करायचा असतो, असा त्यांचा आशय. या दृष्टीने एकट्याची शिकार ही सदसद्विवेकाची खरी कसोटी ठरते.

जोडीचे लाभही उघड आहेत. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. त्या वेळी एक जण मागे राहून मादीची साद घालतो आणि दुसरा पुढे चाळीस-पन्नास पावलांवर दबा धरून बसतो. नर आवाजाच्या रोखाने येतो आणि पुढच्याच्या टप्प्यात सापडतो. पाय मोडला, हिमवादळ आले, तर हाक मारायला दुसरा असतो. पण जोडीदार म्हणजे अभयपत्र नव्हे. २०१८ साली वायोमिंगमध्ये आदल्या दिवशी मारलेल्या एल्कचे मांस सोडविणाऱ्या दोघांवर ग्रिझली अस्वलाने हल्ला केला; वाटाड्या प्राणास मुकला, दुसरा वाचला. आणि सोबत्याच्याच गोळीने शिकारी मरू नये म्हणून तर बंदुकीच्या हंगामात भडक रंगाची बंडी घालण्याची त्या राज्यात सक्ती आहे.

तेव्हा केवळ सोय आणि सुरक्षितता तोलून हा प्रश्न सुटत नाही. आमच्या मनात तो वेगळ्याच वाटेने शिरला. आपल्या पुराणांतील शिकारी आठवले. दशरथ शरयूकाठी रात्री एकटाच दबा धरून बसला आणि घडा भरण्याच्या आवाजावर त्याने बाण सोडला. घायाळ हरिणाच्या मागे लागून परीक्षित सैन्यापासून दूर, एकटा पडला. तहानेने व्याकुळ होऊन त्याने मौनव्रती शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप घातला. दोघेही राजे वृत्तीने दुष्ट नव्हते. ‘महाराज, जरा थांबा’ असे म्हणणारे त्या क्षणी जवळ कोणी नव्हते, एवढेच. विवेक प्रत्येकाजवळ असतो. पण तो तहानेने, अंधाराने आणि यशाच्या घाईने क्षणभर मुका होतो. घात तेवढ्याच क्षणात होतो.

मग माणसे वाढविली म्हणजे झाले काय? आम्हां ग्वाल्हेरकरांना याचे उत्तर वडिलधाऱ्यांच्या गोष्टींतून ठाऊक आहे. संस्थानी काळात शिवपुरीच्या रानात हाक्याच्या शिकारी होत. सरकार आणि पाहुणे मचाणावर, खाली हाका घालणारी शेकडो माणसे. त्या शिकारीला एकट्याची कोणी म्हणणार नाही. पण त्या शेकड्यांतला एकही जण जोडीदार नव्हता. वाघ त्यांच्या अंगावर येई, बक्षिशी त्यांना मिळे, परंतु ‘आज नको’ म्हणण्याची मुभा त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती.

उलट, एकांडा म्हणून ज्याची ख्याती, त्या जिम कॉर्बेटची कथा पाहावी. १९०७ साली कुमाऊँतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे जाताना त्यांनी अट घातली होती की बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकारी परत बोलवावेत. ४३६ माणसांचा बळी घेतलेली ती वाघीण मारल्याचे श्रेय जग एकट्या कॉर्बेटला देते. पण त्यांनी स्वतः जे लिहिले आहे त्यात चंपावतचा तहसीलदार आहे, त्याने जमविलेली २९८ माणसे आहेत, आणि जवळची काडतुसे संपल्यावर धावत जाऊन घेतलेली तहसीलदाराचीच बंदूक आहे. आम्ही त्याच खात्यात आयुष्य काढले असल्याने त्या तहसीलदाराविषयी आम्हांला आपुलकी वाटली तर वाचक क्षमा करतील. सांगायचे ते हे की एकटेपणाच्या पुष्कळ कीर्तीत दुसऱ्याचा हात असतो, फक्त तो फोटोत येत नाही.

आता शेजाऱ्यांचे उत्तर. वीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, उन्हाळा रेंगाळलेला असताना, त्यांनी दिवस मावळता मावळता एका खोल घळीत मोठा नर पाडला. नेम अचूक होता, प्राणी तडफडला नाही. गाडी तीन मैलांवर, तीही चढाची. एवढ्या प्राण्याचे हाडांवेगळे केले तरी शंभर किलोच्या आसपास मांस निघते. रात्रभर विजेरीच्या उजेडात त्यांनी कातडे सोडविले, तुकडे केले, कापडी पिशव्यांत घालून झाडाला टांगले. दुसऱ्या दिवशी पाठीवर घेऊन दोन खेपा झाल्या. एल्कचे शरीर अवाढव्य. मांडीच्या हाडापाशी ऊब लवकर निवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत घळीत उतरले तेव्हा उरलेल्या मांसाला वास सुटला होता. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तेथे गुन्हा आहे. त्यांनी टाकले ते खाण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून कायद्याने त्यांना काही केले नसते. पण “मी त्याला मारले आणि अर्धे फुकट मारले,” हे सांगताना एवढ्या वर्षांनंतरही ते आमच्याकडे पाहत नव्हते.

पुढल्या वर्षापासून मित्र आला. करार दोन कलमांचा. मारील त्याचे ओझे दोघांनी वाहायचे; आणि दोघांपैकी एक जण ‘नको’ म्हणाला तर बंदूक खाली. कारण विचारायचे नाही. पुढे एकदा तशाच घळीत, तशाच संध्याकाळी, त्याहून मोठा नर समोर असताना मित्राने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गोळी सुटली नाही. एवढ्या वर्षांतली सर्वांत चांगली शिकार तीच, असे ते म्हणाले, आणि आम्हां शाकाहाऱ्याला ते पटले.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण आम्हीही एकदा घळीत गोळी झाडली होती. मध्य प्रदेशच्या राजस्व खात्यात तहसीलदार असताना भू-राजस्व संहितेच्या कलम २४८ खाली शासकीय जमिनीवरील सतरा झोपड्या हटविण्याचा हुकूम आम्ही दिला. प्रकरण रीतसर होते. नोटिसा बजावलेल्या, मुदत संपलेली. महिना जूनचा होता. नायब तहसीलदार आमच्याहून वयाने मोठे, अबोल गृहस्थ. कागद पुढे ठेवताना ते हळूच म्हणाले, की पावसाळ्यानंतर केले तर? आम्ही वर न पाहता सही केली. हुकूम आमचा, अंमल त्यांचा. पाचव्या दिवशी पाऊस लागला. पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर जाताना शाळेच्या पडवीत ती कुटुंबे भांड्याकुंड्यांसह बसलेली दिसली. आम्ही जीप थांबविली नाही.

त्या फाइलीवर आमच्याखेरीज चार जणांच्या सह्या होत्या. तेव्हा तो निर्णय एकट्याचा नव्हता, अशी समजूत आम्ही अनेक वर्षे घालून घेतली. आता कळते की त्या सह्या हाक्यातल्या माणसांसारख्या होत्या. जोडीदार एकच होता. त्याने खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो हाताखालचा म्हणून आम्ही तो झटकला. शिक्षकांचे मांस नासले त्याला ऊन तरी कारण होते. आमच्या बाबतीत आभाळ आधीच भरून आलेले होते.

कोणी म्हणेल, मुळात मारावेच कशाला? हा प्रश्न आम्ही टाळीत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा मार्ग बंद होत गेला, हे आम्हांला योग्यच वाटते. पण हत्या न करणाऱ्यालाही दुसऱ्याच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी कराव्या लागतात. हुकूम, मृत्युपत्र, घराची वाटणी, वृद्ध आईबापांना कोठे ठेवायचे याचा निर्णय. या सर्वांत सही करणे क्षणाचे आणि वाहणे वर्षानुवर्षांचे असते.

मग एकट्याने जाणे गैर काय? तसे आम्ही म्हणत नाही. थंडी कडक आहे, वाट जवळ आहे, प्राणी आपल्या पाठीला पेलणारा आहे, आणि घळीतला मोठा नर समोर आला तरी बंदूक खाली ठेवण्याचे बळ अंगी आहे, अशा माणसाने खुशाल एकटे जावे. त्याचा जोडीदार त्याच्या आतच असतो. आपल्यापैकी बहुतेकांची तेवढी तयारी नसते. आपण नेम धरायला शिकतो, खेपा मोजायला शिकत नाही. म्हणून आमचे मत असे झाले आहे की जे एकट्याने वाहून नेता येणार नाही ते एकट्याने मारू नये. आणि जोडीदार निवडताना तो आपल्याला साद घालून देईल की नाही हे पाहण्यापेक्षा, तो ‘नको’ म्हणाला तर आपण ऐकू की नाही हे स्वतःला विचारावे.

आमचे नायब तहसीलदार निवृत्तीनंतर मुरैन्याकडे आपल्या गावी गेले. कोलोरॅडोहून परतल्यावर आम्ही मुद्दाम तेथे गेलो. ते हयात नव्हते. त्यांच्या मुलाने चहा दिला, वडील आपली आठवण काढीत, असे सांगितले. कोणत्या संदर्भात, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.