शेजाऱ्याची झोप आणि आपला हक्क



मागील महिन्यात नांदेडहून लातूरला आप्तांकडे गेलो होतो. ईशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका तरुणाने मला थांबविले. त्याने आपल्या पहिल्या मजल्यावरील घरात एका खोलीची व्यायामशाळा केली आहे. फज्रच्या अगोदर उठून तो तासभर वजने उचलतो. तो म्हणाला, "मौलाना साहेब, घर माझे, पैसा माझा, शरीर कमावणे हेही नेकच काम. खालच्या घरातील मुलगा म्हणतो की आवाज येतो. पण त्याच्या दादीने तर मला कधी तोंडावर काही सांगितले नाही. मग मी गुनाहगार कसा?"

प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून उत्तर देण्यापूर्वी मी त्या दादींना भेटलो. त्या मूळच्या औसा तालुक्यातील, किल्लारीनजीकच्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या अंगावर भिंत कोसळली होती. ज्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली, त्यांत त्यांच्या घरातीलही होती. आता वरच्या मजल्यावर लोखंड आपटले, छत हादरले की त्या तसबीह हातात घेऊन जिन्याखाली जाऊन बसतात. "सांगत का नाही?" असे विचारल्यावर म्हणाल्या, "पोरगं नमाजी आहे, वाईट नादाला लागलेलं नाही. माझ्या भीतीपायी त्याला कशाला अडवू?"

वाचकहो, या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

त्या तरुणाचे म्हणणे निराधार नाही. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे, दुर्बल श्रद्धावंतापेक्षा सबल श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय असल्याचेही हदीसमध्ये आले आहे. स्वतःच्या मालमत्तेचा उपयोग करण्याचा अधिकारही शरीयत मान्य करते. हनफी फिक्हच्या आरंभीच्या मतानुसार तर मालकाला त्याच्या मिळकतीत वागण्यापासून काजीने रोखू नये. परंतु उत्तरकालीन फुकहांनी पाहिले की, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत एकाचा उपयोग दुसऱ्याचा उपद्रव होतो. म्हणून त्यांनी उघड व गंभीर हानीची मर्यादा घातली. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध झालेल्या 'मजल्ला' या संहितेत याचे उदाहरण आहे ते लोहाराच्या भट्टीचे व पिठाच्या गिरणीचे. घणाच्या घावांनी किंवा जात्याच्या फिरण्याने शेजारचे घर कमकुवत होत असेल, तर ती हानी दूर केलीच पाहिजे. घण गेला आणि बारबेल आली. हादरा मात्र तोच आहे.

येथे कोणी म्हणेल, "दादींच्या घराला तडा गेलेला नाही; केवळ झोप मोडते." खरे आहे. कदाचित काजीच्या दरबारात हा दावा टिकणार नाही. पण आपल्या फुकहांनी कजा आणि दियानत असा भेद केला आहे. काजी जे सिद्ध होते त्याचाच निवाडा करतो. अल्लाह जे घडले त्याचा करतो. मोडलेली झोप आणि दाटून आलेली भीती पंचनाम्यात येत नाही, अमलनाम्यात येते. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याचे इमान पूर्ण नाही, असे प्रेषितांनी (स.) शपथपूर्वक बजावले आहे. लक्षात घ्या, तेथे 'ज्याची शेजारी तक्रार करतो' असे म्हटलेले नाही. कसोटी तक्रारीची नाही, निर्धास्तपणाची आहे.

मग दादींच्या सब्राचे काय? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. त्यांचा शेजारी रात्री नशेत गात असे. इमामसाहेब ते सोसत राहिले आणि तो कैदेत पडला तेव्हा स्वतः जाऊन त्याला सोडवून आणले. हा प्रसंग आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. परंतु त्यातील धडा सोसणाऱ्यासाठी आहे, गाणाऱ्यासाठी नाही. सब्र हे सोसणाऱ्याचे धन आहे. दुसऱ्याच्या धनावर आपला खर्च भागविणे यास सब्राची कदर म्हणत नाहीत.

नेक कामाची सबबही येथे पुरत नाही. मशिदीत एतिकाफात असताना काही जण मोठ्याने कुरआन पठण करू लागले, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. ते स्वतः रात्री घरी येत तेव्हा जागा असलेल्यास ऐकू जाईल आणि झोपलेला जागा होणार नाही, इतक्या आवाजात सलाम करीत. पठणालाही जेथे मर्यादा आहे, तेथे व्यायामाची काय कथा?

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्या तरुणाची वेळ नेमकी रात्रीत मोडते.

आता उपायाचे पाहू. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटविले की काम झाले, असा समज आहे. त्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, खाली जाणारा हादरा नाही. हादरा हवेतून नव्हे, स्लॅबमधून आणि खांबांतून प्रवास करतो. म्हणून त्याला उगमापाशीच अडवावे लागते. जाड रबरी थर, त्यावर प्लायवूडचा ओटा, त्यावर पुन्हा रबर. दाराच्या फटीला पट्टी. सामाईक भिंतीत काहीही न ठोकणे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वजन सोडून न देता हाताने हळू टेकविणे. आपल्या जुन्या तालमी जमिनीवर असत, त्यांत मऊ मातीचा हौद असे. पैलवान आपटला तरी हादरा माती पिऊन टाकी.

त्या तरुणाने रबर अंथरले, वेळ बदलली. खर्च त्याचाच, कारण हादराही त्याचाच. तरीही आवाज पूर्ण थांबला नाही, तेव्हा जड वजने त्याने तळमजल्यावरच्या एका व्यायामशाळेत न्यायचे ठरविले. हे त्याला कोणी बजावले नव्हते. तो दादींकडे जाऊन एवढेच विचारून आला होता, "आता भीती वाटते का?"

वाचकहो, आपल्या छताखाली कोण राहते, भिंतीपलीकडे कोण झोपते, परीक्षेचा अभ्यास कोण करते, हे आपण कधी विचारले आहे काय? ताकद कमावणे सोपे आहे. ती आवाज न करता खाली ठेवणे अवघड आहे. अल्लाह आपणा सर्वांस ती तौफीक देवो. आमीन.