रुग्णाशेजारी बसलेलं माणूस

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या, की व्यवस्थेचा दिवस संपतो. उरलेले एकोणतीस दिवस घरचे काढतात. घरचे म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा बायको. गोळी खरंच गिळली का, रात्री उठून कुठे गेला, आज आंघोळीला का नाही म्हणतोय, सगळं तीच बघते.

या दिवसांत गावातलंच माणूस शिकवून मदतीला धाडलं तर? सातारा, गोवा आणि तमिळनाडूत कांचीपुरमकडे हे करून पाहिलं गेलं. ‘कोप्सी’ नावाच्या या अभ्यासात २८२ रुग्ण होते आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन साथ दिली. डॉक्टर आणि औषधं होतीच. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा रुग्णांची लक्षणं आणि रोजच्या व्यवहारातली अडचण थोडी जास्त कमी झाली. थोडीच. पण सांभाळणाऱ्यांवरचा भार काही हलला नाही. मला या अभ्यासातली हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

कारण अशा स्वयंसेवकांसाठीची आपली प्रशिक्षणं रुग्णाभोवती फिरतात: लक्षणं ओळखा, औषध चुकवू देऊ नका, आत्महत्येची भाषा ऐकली तर ताबडतोब कळवा. हे सगळं हवंच. पण त्या आईला भाचीच्या लग्नाला जाता येत नाही, स्वतःचा गुडघा दाखवायला वेळ नाही, हे कुठल्या रकान्यात भरायचं? ‘मावशी, मी दुपारभर थांबते, तुम्ही जाऊन या’ असं म्हणता येणं, आणि त्या दुपारी तिच्या मुलासोबत न घाबरता, उपदेश न करता बसता येणं, हे शिकवण्यासारखं कौशल्य आहे. त्याला सरावही लागतो.

स्वयंसेवक गावातलाच असणं ही सोय आहे तशी धास्तीही. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत मानसिक आरोग्याचा ‘आत्मीयता’ उपक्रम गावच्याच माणसांवर उभा राहिला, तो ओळखीच्या बळावर. पण ज्या घरात मुलीचं लग्न जमवायचं आहे, तिथे ओळखीच्याच माणसाला दार उघडायला नको वाटतं. ऐकलेलं पोटात ठेवणं हा म्हणून पहिला धडा. पाण्याच्या टाकीपाशी एक शब्द सुटला, की पुन्हा त्या घरात पाऊल टाकता येणार नाही.

आणि पैशांचं काय? ‘सेवा’ म्हटलं की मानधनाचा विषय काढणं आपल्याला अवघड जातं. आशाताईंचे मोर्चे त्यातूनच निघतात. ज्या बाईला फुकट राबवून घेतलं जातं, तिला दुसऱ्या राबणाऱ्या बाईचा भार हलका करायला पाठवणं मला पटत नाही. प्रशिक्षणातला एखादा दिवस वर्षानुवर्षं सांभाळ केलेल्या आईनेच घ्यावा, तोही मानधन घेऊन. आणि त्या दिवशी तिच्या मुलाजवळ कोण थांबणार, हे आयोजकांनी आधी ठरवावं.